गेटवर अडवले, पत्र मात्र दिले नाही : कामावरून काढल्याची आणि भेदभावाची तक्रार कशी करावी?

गणवेश_भाचा

नमस्कार. हा धागा मी माझ्या आत्याच्या वतीने काढत आहे. आत्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात २०१३ पासून चेकिंगच्या टेबलावर काम करत होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ओढून पाहायची, लोंबणारे दोरे कापायचे, काजे-बटणे मोजायची आणि चूक दिसली की खडूने खूण करून तो लाइनवर परत पाठवायचा, हे तिचे बारा वर्षांचे काम. पगार १४,३०० रुपये. २०२२ मध्ये त्याच टेबलावर एक तरुण मुलगा रुजू झाला. काम तेच, वेळही तीच. तरी त्याला १७,००० रुपये मिळतात, हे यंदा, २०२५ मध्ये, गणपतीच्या सुमारास तिला समजले. सप्टेंबरमध्ये तिने ‘त्याच कामाला मला कमी पगार का?’ असा अर्ज लिहून कार्यालयात हातोहात दिला, परंतु त्याची पोच घेतली नाही.

१२ ऑक्टोबरच्या रात्री सुपरवायझरचा व्हॉट्सॲपवर निरोप आला की, साहेबांनी सांगितले आहे, उद्यापासून येऊ नका. तरीही ती १३ तारखेला सकाळी गेली, तेव्हा वॉचमनने गेटवरच अडवले. दिवाळी आठवड्यावर आली होती. दिवाळीनंतर कार्यालयात बोलावून तिच्यासमोर इंग्रजीत टंकलेला कागद ठेवण्यात आला आणि ‘हिशेब तयार आहे, सही करा आणि चेक घेऊन जा’ असे सांगण्यात आले. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आत्याचे शिक्षण तेलुगू माध्यमातून सातवीपर्यंत झाले आहे. मराठी ती उत्तम वाचते, इंग्रजी मात्र नाही. ‘भाच्याला दाखवून सांगते’ एवढे बोलून ती सही न करता परतली. कारण विचारल्यावर एकाने ‘ऑर्डरी कमी झाल्या आहेत’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे माल परत आला’ असे सांगितले. आज बेचाळीस दिवस झाले. ही भेदभावाची तक्रार होऊ शकते का, आणि ती कोठे करावी?

जुनी_मिल

सही केली नाही, हे आत्यांनी फार शहाणपणाचे केले. मी केली होती, म्हणून सांगतो.

२०१६ मध्ये चिंचोळी एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मला कार्यालयात बसवून ‘घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे’ असे एक वाक्य माझ्याच हस्ताक्षरात लिहून घेतले. त्या खोलीत चार माणसे उभी होती, दार लावलेले होते आणि बाहेर माझी सायकल सुरक्षारक्षकाने आधीच गेटबाहेर नेऊन ठेवली होती. पुढे कामगार न्यायालयात माझ्या वकिलांनी सही दबावाखाली घेतल्याचे मांडले. परंतु त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी किंवा त्या महिन्याभरात मी कोणालाही एक ओळ लिहून कळवले नव्हते, आणि चेक मात्र चौथ्या दिवशी बँकेत भरला होता. उलटतपासणीत मला एवढे दोनच प्रश्न विचारले गेले. दबाव होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर होती आणि माझ्याजवळ सायकलच्या गोष्टीखेरीज काही नव्हते.

राजीनामा स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो, हे मला फार उशिरा कळले. मी त्याच संध्याकाळी मुख्य टपाल कार्यालयातून एक पत्र पाठवले असते तर गोष्ट निराळी झाली असती.

कोर्टाची_पायरी

मी गेली चौदा वर्षे एका कामगार वकिलांकडे काम करतो. जे लिहितो आहे ते दिशा कळावी म्हणून. प्रत्यक्ष कागद पाहिल्याशिवाय कोणीही शेवटचा सल्ला देऊ नये.

प्रथम ‘भेदभाव’ या शब्दाविषयी. लोकांची समजूत अशी असते की भेदभाव झाला एवढे सांगितले की न्यायालय दखल घेते. राज्यघटनेचे १५वे आणि १६वे अनुच्छेद मुख्यतः शासनाला बांधतात. खाजगी नोकरीत जात, धर्म, भाषा, वय अशा सर्व कारणांवरून झालेल्या भेदभावाविरुद्ध थेट दाद देणारा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. स्त्री-पुरुषांच्या पगारातील भेदासाठी १९७६ चा समान वेतनाचा कायदा होता आणि आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. अपंगत्वासाठी २०१६ चा, एचआयव्हीसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा असून त्यात तक्रारीला साधारण तीनच महिने मिळतात. आपल्या आत्यांचे गाऱ्हाणे यांपैकी पहिल्या कप्प्यात नीट बसते, कारण त्याच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त पगार, हीच त्या कायद्याची मूळ तक्रार आहे. तोच मुलगा बाई असता, तर पगारातील फरक खरा असूनही हा कायदा उपयोगी पडला नसता.

परंतु नोकरी परत मिळवण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि महाराष्ट्रात तो बहुतेक वेळा १९७१ च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमातून जातो. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस) म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिली बाब हीच आहे: सूडबुद्धीने काढणे, उघड खोट्या कारणासाठी काढणे, सद्हेतूने न काढणे, चौकशीचे सोपस्कार न करता काढणे. ही तक्रार कामगार न्यायालयात जाते. त्याच अनुसूचीतील पाचवी बाब गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकते माप देण्याविषयी आहे, आणि तिची तक्रार मात्र औद्योगिक न्यायालयात करावी लागते. दोन्ही न्यायालये सोलापुरात आहेत, परंतु एकाच अर्जात दोन्ही गोष्टी कोंबल्या तर प्रतिपक्षाचे वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतात.

मुदत घटनेपासून ९० दिवसांची आहे. १३ ऑक्टोबरपासून मोजल्यास ९०वा दिवस ११ जानेवारी २०२६ येतो आणि तो रविवार आहे. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, त्यावर निराळा वाद होतो आणि मूळ प्रकरण तेवढे महिने जागचे हलत नाही. त्यामुळे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबू, असे मनातही आणू नये. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज दाखल व्हावा.

आता ती दोन कारणे. ‘ऑर्डरी कमी’ हे कारण खरे धरले तर ती कामगारकपात होते, आणि २४० दिवसांहून अधिक सलग सेवा झालेल्या कामगाराला औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार काढण्याच्या वेळीच द्यावा लागतो. शिवाय कपातीत शेवटी आलेला आधी जातो. बारा वर्षांच्या बाईला काढून तीन वर्षांच्या मुलाला ठेवले असेल, तर त्याचे सबळ कारण मालकाला लेखी सांगावे लागते. ‘हलगर्जीपणा’ हे कारण खरे धरले तर ती शिक्षा होते. मग आरोपपत्र, उत्तराची संधी, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी हे सगळे व्हायला हवे होते. यांपैकी काहीच झालेले नाही. दोन तोंडी कारणे एकमेकांना खोडतात, आणि भेदभाव प्रत्यक्षात असाच दाखवावा लागतो. ‘तुम्ही बाई आहात म्हणून काढतो’ असे कोणी लिहून देत नाही. सांगितलेले कारण खोटे आहे, त्याच स्थितीतल्या दुसऱ्याला वेगळे वागवले आणि पगाराचा अर्ज दिल्यानंतर थोड्याच दिवसांत हे घडले, या तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. ‘चौकशीच झाली नाही, म्हणजे आपण जिंकलोच’ असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालापासून हे ठरलेले आहे की, चौकशी न करता काढले असले तरी मालक न्यायालयासमोर पुरावा देऊन गैरवर्तन तेथे सिद्ध करण्याची संधी मागू शकतो. परत आलेल्या मालाची चलने त्यांच्याजवळ खरोखर असतील तर ती तेव्हा बाहेर येतील. त्या आठवड्यात टेबलावर कोण कोण होते, माल कोणत्या शाळेचा होता, हे आत्यांना आठवत आहे तोवर लिहून काढावे.

पूर्व_भागातला

एवढे सगळे करत बसण्यापेक्षा आत्यांचा एक व्हिडिओ करून कारखान्याच्या नावानिशी समाजमाध्यमांवर टाकावा, असे मला वाटते. बाई, भाषा, समाज, वय या सगळ्या मुद्द्यांवर एकाच वेळी तक्रार केली की मालक लगेच नमते घेतात.

हिशेबनीस

वरील सल्ल्याशी मी मुळीच सहमत नाही, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा अनुभव आहे म्हणून कारणही सांगतो. मी पंधरा वर्षे निरनिराळ्या कारखान्यांत आस्थापना विभाग सांभाळला. व्हिडिओ आला की आम्ही घाबरत नसू; उलट बऱ्याचदा सुटकेचा निःश्वास टाकत असू, कारण तोवर हातात काही नसलेल्या कंपनीला ‘संस्थेची बदनामी केली’ हा आयता मुद्दा मिळायचा. पाच प्रकारचे भेदभाव एकदम मांडले, तर त्यांतले जे चार सिद्ध होत नाहीत त्यांच्यामुळे खरा पाचवाही संशयास्पद दिसू लागतो. त्या टेबलावर तेलुगू बोलणाऱ्या आणखी सहा बायका काम करत असतील, तर भाषेचा मुद्दा काढताच त्या सहाजणी कंपनीच्या साक्षीदार होतील. पगाराचा मुद्दा मात्र आकड्यांवर उभा आहे.

आता कंपनी पुढे काय करील ते सांगतो, कारण मी ते स्वतः केलेले आहे आणि त्याचा मला अभिमान नाही. हजेरीपटावर १३ ऑक्टोबरपासून आत्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडत असेल. थोड्या दिवसांनी ‘आपण विनापरवानगी कामावर येत नाही, त्वरित रुजू व्हावे’ अशी दोन-तीन पत्रे निघतील, आणि ती बहुधा २०१३ च्या अर्जावरील जुन्या पत्त्यावर जातील. पाकिटे परत आली की ‘बाईंनी स्वतःच काम सोडले’ हा बचाव तयार होतो. आत्यांनी घर बदलले असेल तर हे आजच ओळखावे. यावर उतारा एकच: आपले पत्र आधी जायला हवे. ‘मी १३ ऑक्टोबर रोजी नेहमीच्या वेळी कामावर आले असता मला गेटवर अडवण्यात आले, मी काम सोडलेले नाही, मी आजही कामावर येण्यास तयार आहे आणि माझा सध्याचा पत्ता असा आहे’, एवढाच मजकूर असावा. त्यात राग नको आणि कायद्याची कलमेही नकोत.

दुसरा सापळा याहून बारीक आहे. समेट अधिकाऱ्यासमोर (म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या कामगार खात्यातील अधिकाऱ्यासमोर) किंवा न्यायालयात कंपनीचा माणूस एकदम उभा राहून म्हणतो, ‘आम्ही काढलेच नाही, उद्यापासून या.’ कामगार संतापतो आणि म्हणतो, ‘आता मला तिथे पाऊल ठेवायचे नाही, माझी भरपाई द्या.’ त्या क्षणी मागील पगाराचा दावा जवळजवळ संपतो. असे झाल्यास लेखी उत्तर द्यावे की मी रुजू होत आहे, माझा मागील पगार आणि सेवेतील सातत्य यांबाबतचा हक्क राखून ठेवत आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर गेटवर जावे. पुन्हा अडवले तर त्याच दिवशी पुन्हा पत्र पाठवावे. अडवणाऱ्या वॉचमनची साक्ष मिळत नाही, परंतु गेटसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याला उलटतपासणीत डगमगवणे कठीण असते, हे मी एकदा स्वतः पाहिले आहे.

व्हॉट्सॲपचा निरोप असलेला फोन विकू नये, दुरुस्तीला देऊन सगळे पुसून घेऊ नये. स्क्रीनशॉट काढावेच, पण मूळ फोन हाच पुरावा आहे.

गणवेश_भाचा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आत्याच्या फोनवर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहिले आणि आम्ही दोघेही चक्रावलो. २०१३ पासून मार्च २०२३ पर्यंत आस्थापनेच्या नावापुढे कारखान्याचे नाव आहे. एप्रिल २०२३ पासून तेथे एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे नाव दिसते. आत्याने या एजन्सीचे नावही ऐकलेले नव्हते. टेबल तेच, खुर्ची तीच, पगार देणारा क्लार्कही तोच. एवढेच आठवते की त्या वर्षी ‘केवायसी’ म्हणून सगळ्या बायकांच्या दोन-तीन फॉर्मांवर सह्या घेतल्या होत्या. २०१३ चे कारखान्याच्या शिक्क्याचे नेमणूकपत्र मात्र तिने लोखंडी पेटीत, लग्नाच्या पत्रिकांबरोबर जपून ठेवलेले आहे. याने काही फरक पडतो का?

कोर्टाची_पायरी

फरक पडतो, आणि मोठा पडतो. हे आधी समजले हे बरे झाले.

यूएलपीची तक्रार तेव्हाच चालते जेव्हा कामगार आणि मालक हे नाते वादातीत असते. २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन्ही प्रकरणांत, आणि ही दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातीलच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राटदाराकडील कामगार जर ‘आम्ही खरे तर कंपनीचेच आहोत’ असे म्हणत असतील आणि कंपनीला ते मान्य नसेल, तर आधी ते नाते औद्योगिक विवादाच्या मार्गाने ठरवून घ्यावे लागेल. यूएलपीच्या न्यायालयाला ते ठरवता येणार नाही. त्यामुळे कंपनीने ‘या बाई आमच्या नव्हेतच’ असा जबाब दिला की तक्रार वर्ष-दोन वर्षांनी दारातूनच परत येते. असे परत आलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि तोवर त्यांच्या हातातील दुसरी मुदतही सरत आलेली असते.

आत्यांची स्थिती निव्वळ कंत्राटी कामगारासारखी नाही. दहा वर्षे त्या थेट कंपनीच्या पटावर होत्या, नेमणूकपत्र आहे, त्या नोकरीतून काढल्याचा किंवा हिशेब दिल्याचा कागद नाही. हे नाते एकदा मान्य झालेले आहे आणि ते कधी तोडलेले नाही, असे मांडता येते. तरीही २०२३ मध्ये सही झालेल्या फॉर्मांत काय होते, हे पाहिल्याशिवाय ९० दिवसांच्या घाईत यूएलपीकडे धाव घेणे मला धोक्याचे वाटते. दुसरा मार्ग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून जातो. तेथे समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि त्यात कंपनी व एजन्सी या दोघांनाही पक्षकार करायचे. समेट न झाल्यास प्रकरण न्यायनिर्णयासाठी पुढे जाते आणि नाते ठरवण्याचा अधिकार तेथे असतो.

या दोन्ही दारांत एकाच वेळी पाय ठेवता येत नाही. १९७१ च्या कायद्याचे ५९वे कलम सांगते की एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केली की त्याच बाबतीत दुसऱ्याखाली करता येत नाही. कोणीतरी ‘दोन्हीकडे टाकून ठेवू, कुठेतरी लागेल’ असा सल्ला देईल. तो ऐकू नये. आणि दार निवडण्यासाठी ९० दिवस पूर्ण होण्याच्या आतच बसावे, म्हणजे निवड खरोखर आपली राहते.

मुदतींविषयी आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिने जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यांत १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम आहे. राज्याचा १९७१ चा कायदा त्या तिघांत नाही. आत्यांना काढले ते संहिता लागू होण्याच्या आधी, म्हणून त्यांच्या हक्कांचे माप जुन्या कायद्याने घ्यावे असे आम्ही मांडू. जुन्या कायद्यात अशा वादासाठी तीन वर्षे मिळत. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला कार्यवाही करता येत नाही. त्यामुळे ‘तीन वर्षे आहेत, पाहू निवांत’ असे आता कोणीही धरून चालू नये.

पुण्यातला_सोलापूरकर

विषयाला धरूनच विचारतो. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम मॅनेजर आहे. मलाही एका बैठकीत ‘आजच राजीनामा द्या’ असे सांगण्यात आले. हेच सगळे मला लागू होते का?

कोर्टाची_पायरी

बहुधा नाही. नुसते पद पाहिले जात नाही, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. परंतु आपण खरोखर माणसे नेमत, रजा मंजूर करत आणि मूल्यमापन करत असाल तर आपण कायद्याच्या व्याख्येतील कामगार नाही. पर्यवेक्षकाचे काम असेल तर जुन्या कायद्यात १०,००० आणि नव्या संहितेत १८,००० रुपयांच्या मासिक वेतनाची मर्यादा आहे. व्यवस्थापकाला मात्र पगार कितीही असला तरी त्यातून वगळले आहे. तेव्हा आपला आधार नेमणुकीचा करार आणि दिवाणी न्यायालय. वैयक्तिक सेवेचा करार जबरीने पाळायला लावता येत नाही, म्हणून तेथे नोकरी परत मिळत नाही. नोटिशीचा पगार आणि नुकसानभरपाई एवढ्यावर दावा थांबतो. आपल्या बाबतीत वाटाघाटीला जास्त किंमत आहे, आणि ती राजीनामा देण्यापूर्वीच असते.

खाजगी शाळेतील शिक्षकांचेही असेच निराळे आहे. ते कामगार न्यायालयात गेले तर चुकीच्या दारात जातात. त्यांना १९७७ च्या कायद्याप्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते आणि मुदत फक्त ३० दिवसांची असते. कापड गिरणी किंवा सूतगिरणी असेल, तर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम मधे येतो आणि आधी मालकाला ‘ॲप्रोच नोटीस’, म्हणजे मागणीचे लेखी पत्र, द्यावी लागते. आपल्या गावात हा प्रश्न अजूनही येतो, म्हणून नोंदवून ठेवले.

हिशेबनीस

पैशांचा विषय राहिला होता. ग्रॅच्युइटी आणि बोनस हे भांडणाच्या निकालावर अवलंबून नाहीत.

ग्रॅच्युइटीचा हिशेब असा की, शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. १४,३०० रुपये हे सगळे मूळ वेतन आणि महागाई भत्ताच असेल, तर दिवसाचे ५५०, पंधरा दिवसांचे ८,२५० आणि बारा वर्षांचे ९९,००० रुपये होतात. आत्यांसमोर ठेवलेल्या कागदावर किती रक्कम होती? ही रक्कम एजन्सीची दोन वर्षे धरून किंवा २०२३ पर्यंतच मोजली असेल तर तेही तेथेच कळेल. पाच वर्षांच्या अटीची भीती दाखवून ‘एजन्सीकडे पाच वर्षे झालीच नाहीत’ असेही सांगितले जाईल. ते उत्तर नेमणूकपत्राने खोडावे.

बोनसबाबत दिवाळीपूर्वी काढले म्हणून तो बुडत नाही. ज्या वर्षाचा बोनस, त्या वर्षी किमान ३० दिवस काम केलेले असले आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असला की किमान ८.३३ टक्के मिळतो. फसवणूक, चोरी, मारहाण, तोडफोड अशा कारणांनी बडतर्फ केले तरच तो गमावला जातो, आणि ‘हलगर्जीपणा’ त्या यादीत नाही. दिवाळीच्या तोंडावर बायकांना काढण्याची जी पद्धत आहे, ती या अज्ञानावरच चालते.

पैसे स्वीकारायला हरकत नाही, परंतु ‘माझी कोणतीही तक्रार उरली नाही’ या वाक्याखाली सही करू नये. सही करावीच लागली तर आपल्या हाताने, आपल्याला येणाऱ्या लिपीत, ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असे आणि तारीख लिहावी. तेलुगूत लिहिले तरी चालते. निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकले आहे तेही तपासावे. तेथे राजीनामा असे दिसले तर पत्रातच त्याला हरकत घ्यावी.

तळ्याकाठी

आत्या सध्या घरी शिलाईकाम करत असतील तर ते लपवावे का? माझ्या जावेला एका ओळखीच्या माणसाने ‘काहीच करत नाही असे सांग’ असा सल्ला दिला होता.

कोर्टाची_पायरी

अजिबात लपवू नये. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात मागील पगाराचे सूत्र नीट मांडले आहे: काढणे बेकायदा ठरले तर मागील पगार हा साधारण नियम, परंतु आपल्याला दुसरीकडे तेवढ्या कमाईची नोकरी नव्हती हे कामगाराने आधी शपथेवर सांगायला हवे. घरी महिन्याला दोन-अडीच हजारांचे फॉल-पिको करणे म्हणजे नोकरी नव्हे. पण ते लपवले आणि शेजारणीच्या साक्षीत बाहेर आले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दुसरीकडे काम शोधल्याचे पुरावेही ठेवावेत.

आणि अपेक्षा वास्तवात ठेवावी. पुन्हा कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे अलीकडे न्यायालयांचा कल दिसतो. मात्र कनिष्ठाला ठेवून ज्येष्ठाला काढले असेल किंवा अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल, तर नोकरी परत देणे योग्य ठरते, असेही सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलेले आहे. त्या मुलाची २०२२ ची रुजू तारीख म्हणूनच महत्त्वाची आहे. ती तोंडी सांगून चालणार नाही. हजेरीपट आणि पगारपत्रके कंपनीने हजर करावीत असा अर्ज करावा लागेल. कंपनीने ती दडवली तर न्यायालय त्यावरून प्रतिकूल अनुमान काढू शकते.

गणवेश_भाचा

आजची स्थिती कळवतो. पत्र मराठीत लिहिले. आत्याने ते स्वतः वाचले आणि एक वाक्य बदलायला लावले: मी ‘गेटवर अपमान केला’ असे लिहिले होते, तर ती म्हणाली, वॉचमनने अपमान केला नाही, तो बिचारा खाली मान घालून उभा होता, जे झाले तेवढेच लिही. ते वाक्य काढले. सप्टेंबरच्या अर्जाची प्रत नव्हती, म्हणून ‘मी सप्टेंबरमध्ये पगारातील फरकाबाबत अर्ज दिला होता, त्याची प्रत सोबत मिळावी’ असे त्यातच विचारले आहे. पत्र कारखान्याला आणि एजन्सीला अशा दोन पत्त्यांवर स्पीड पोस्टने पाठवले आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन शिक्का घेतला.

कागदावरची रक्कम आत्याला आठवते: ४१,००० रुपये, सगळे मिळून. वकिलांची भेट शनिवारी ठरली आहे. २०२३ च्या त्या फॉर्मांच्या प्रती टेबलावरच्या दुसऱ्या एका बाईंकडे आहेत असे कळले. त्यांनी त्या देण्याचे मान्य केले आहे, मात्र आपले नाव कोठेही येऊ नये अशी त्यांची अट आहे.

जुनी_मिल

त्या बाईंची अट पाळावी. त्यांचे अजून पोट त्या टेबलावर आहे. वकिलांना फॉर्मातील मजकूर कळला तरी पुरे, मूळ प्रती कंपनीकडून मागवता येतात.

आणि स्पीड पोस्टच्या पावत्यांची आजच झेरॉक्स काढून घ्यावी. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, त्यावरची अक्षरे काही महिन्यांतच फिकट होतात, आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये लोखंडी पेटीत तर तो अगदी पांढराफटक होतो. माझी एकमेव पावती अशीच कोरी निघाली होती.

गणवेश_भाचा

काढल्या. तीन-तीन प्रती काढल्या आहेत.